बदली नटानं तयारी किती आणि कशी करावी?

तुम्ही विचारलंय, की यात्रेतल्या नाटकात मुख्य भूमिकेसाठी मंडळानं बदली नट म्हणून ठेवलंय, पण उभं राहायला मिळेलच असं नाही, मग तयारी किती करू?

पूर्ण करा. उद्याच पडदा उघडणार आहे असं समजून करा.

मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला. आमच्या गावच्या लक्ष्मी यात्रेत ‘संगीत सौभद्र’ बसवलं होतं. १८८२ सालचं हे नाटक लिहिणारे अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, म्हणून गावाला त्याचा जिव्हाळा. कृष्ण आमचे एक आण्णा करायचे, आणि त्यांचा बदली मी.

माझी पहिली चूक म्हणजे फक्त कृष्णाची वाक्यं पाठ केली. रुसव्याच्या प्रवेशात तालमीला उभा राहिलो आणि रुक्मिणी अडखळली. आण्णा तिच्या डावीकडून यायचे, मी उजवीकडून आलो होतो. त्या दिवसापासून वहीत आण्णांची प्रत्येक हालचाल टिपली, समोरच्याचे शेवटचे शब्द वेगळ्या शाईनं लिहिले. अभिनय तुमचा असू दे, पण जागा आणि वेळ मुख्य नटाचीच ठेवा. बाकीच्यांनी दोन महिने त्या भरवशावर तालीम केलेली असते.

संगीत नाटक असेल तर पेटीवाल्याला तुमची पट्टी, म्हणजे पेटीच्या कोणत्या सुरावरून गाता ते, आधीच सांगा. आण्णा काळी दोनमध्ये गायचे, मला ते झेपत नव्हतं. मी पांढरी एकमध्ये सगळी पदं एकदा पेटीवर म्हणून घेतली होती. मुकुटही घालून बघा. मला तो सैल व्हायचा, आतून फडकं शिवावं लागलं.

प्रयोगाच्या दिवशी सकाळी आण्णांचे थोरले भाऊ गेले. सुतक आलं. यात्रा काही वर्षांनी भरणारी, पुढं ढकलणार कशी? दुपारी आण्णांचाच फोन आला, “घाबरू नको रे, तुला येतंय की सगळं. दुसऱ्या अंकात शेला तेवढा सांभाळ.” आवाज रडून बसला होता.

१९११ साली ‘मानापमान’च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी बालगंधर्वांची मुलगी गेली, तरी ते उभे राहिले, हे आपल्याकडं अभिमानानं सांगतात. त्यांची निष्ठा मोठीच. पण त्या रात्री तोंडाला रंग लावताना मला वाटत होतं, आण्णा घरी भावापाशी बसू शकले ते माझं पाठांतर झालं होतं म्हणून. उभं राहायला नाही मिळालं तर तालमी वाया गेल्या, असं तेव्हापासून मला कधीच वाटलेलं नाही.

एक गोष्ट राहिली. सुतक आण्णांच्या सगळ्या भावकीला होतं. मी दुसऱ्या भावकीतला म्हणून निभावलं, नाहीतर बदली नटही घरीच बसला असता. आता आमचं मंडळ बदली ठेवताना हे आधी बघतं. तुमचे मुख्य नट तुमच्याच भावकीतले नाहीत ना, तेवढं आजच मंडळाला विचारा.