काकूला एचआयव्ही आहे, आता गर्भाशयमुखाचा कॅन्सर निघाला. गावात म्हणतात शेक (रेडिएशन) सोसणार नाही. एआरटी (एचआयव्हीच्या रोजच्या गोळ्या) थांबवून शेक द्यावा का? (वणी तालुका)

शेक जरूर द्या, पण एआरटीची एकही गोळी थांबवू नका. मी एआरटी केंद्रात समुपदेशक आहे. गोळ्या नियमित असतील तर एचआयव्ही असलेल्या बाईलाही पूर्ण कोर्सच देतात: साधारण पाच आठवडे बाहेरून, मग आतून शेक, आणि बहुधा आठवड्याला सिस्प्लॅटिन या कॅन्सरच्या औषधाची सलाईन. टीएलडी या एआरटीच्या गोळीतलं टेनोफोव्हिर आणि सिस्प्लॅटिन, दोन्हींचा ताण किडनीवर येतो. म्हणून एआरटीचं कार्ड कॅन्सरच्या डॉक्टरांना दाखवाच, क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) तपासायला सांगा. सोय सेवाग्राम आणि नागपूरला आहे; महात्मा फुले योजनेत बसतं, रेशनकार्ड आणि आधार न्या. एचआयव्हीमुळे उपचार नाकारणं 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने सरळ बेकायदा आहे. सोयाबीन सोंगायला मध्येच गावी येऊ देऊ नका, सगळा शेक आठ आठवड्यांच्या आत संपायला हवा. शेकाची जागा दाखवणाऱ्या पोटावरच्या शाईच्या खुणाही घासून धुवायच्या नाहीत. मात्र सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींची संख्या) फार कमी असेल तर जुलाब, पांढऱ्या पेशी घटणं जास्त होतं. मग सिस्प्लॅटिन द्यायचं की नुसता शेक, हे डॉक्टर तपासूनच ठरवतील.