घड्यांवर घड्या: सिंधुदुर्गातील जुन्या खडकांविषयी प्रश्नोत्तरे

वेंगुर्ले, कुडाळ, सावंतवाडी या भागांतील वाचकांच्या पत्रांत तोच तो गोंधळ पुन्हा दिसतो, म्हणून निवडक प्रश्नांना येथे एकत्र उत्तरे देत आहे.

प्रश्न: खडकातील नागमोडी काळ्या-पांढऱ्या रेघा म्हणजे लाव्हा वाहिल्याची खूण का?

नाही. तो नाइस आहे, म्हणजे जमिनीत खोलवर उष्णता आणि दाबाने रूप पालटलेला पट्टेदार खडक. पांढरा पट्टा क्वार्ट्झ-फेल्स्पार या फिकट खनिजांचा, काळा बायोटाइट (काळा अभ्रक) किंवा हॉर्नब्लेंड या गडद खनिजांचा.

प्रश्न: मग रत्नागिरीत जांभ्याखालच्या काळ्या दगडात अशा वली (घड्या) का नाहीत?

तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा बेसॉल्ट, म्हणजे लाव्हा थिजून झालेला खडक आहे. सिंधुदुर्गातील नाइस २५० कोटी वर्षांहून जुना असून त्याने सोसलेला दाब बेसॉल्टच्या वाट्याला आलाच नाही.

प्रश्न: दगड एकदाच नव्हे, पुन्हा पुन्हा वाकला हे कशावरून ओळखायचे?

जमिनीत खोलवर, सुमारे ३०० अंश सेल्सिअसच्या पुढे, क्वार्ट्झ तुटण्याऐवजी अतिशय सावकाश वाकू लागतो. पहिल्या दाबात नवे अभ्रक दाबाच्या दिशेला आडवे वाढून पापुद्रे तयार होतात. पुढे हेच पापुद्रे वाकलेले दिसले, की नंतरही दाब आला होता हे कळते. घट्ट घडीच्या दोन्ही बाजू मिळून हुकासारख्या वळलेल्या असणे, किंवा बोटभर जाडीची ग्रॅनाइटची शीर जुनी घडी कापून जाते आणि स्वतःही वाकलेली असते, या खुणा अधिक बोलक्या आहेत. तरीही एका लांबलेल्या हालचालीतही असे आकार घडू शकतात, तेव्हा एका दगडावरून निष्कर्ष जाहीर करू नयेत. भूशास्त्राच्या प्राध्यापकांना जागेवर नेऊन दाखवावे.

प्रश्न: विक्रेता म्हणतो की ओट्याचा नागमोडी ग्रॅनाइट भूकंपात घडला, म्हणून महाग. खरे आहे का?

भूकंपाचा संबंध नाही. बाजारात चकाकी घेणारा जवळपास प्रत्येक कठीण दगड ग्रॅनाइट म्हणूनच खपवतात. लादीच्या मागे जाळी आणि राळ असेल, तर ती कशासाठी लावली हे आधी विचारावे.

प्रश्न: घरामागची दरड कापायची आहे. शेजाऱ्यांनी कापली तिथे थर डोंगराकडे कललेले आहेत आणि काही झाले नाही. कंत्राटदार म्हणतो, तपासणी कशाला?

तपासणीविना काम मिळते, म्हणून तो असे म्हणतो. वारंवार वली पडलेल्या शिस्टमध्ये (अभ्रकाचे पापुद्रे असलेल्या खडकात) थरांचा कल वीस पावलांवर उलटू शकतो. शेजाऱ्यांकडे डोंगरात शिरणारे पापुद्रे तुमच्याकडे थेट घराच्या दिशेने उतरत असतील. तसे असल्यास पायथा कापणे म्हणजे वरच्या थरांचा आधारच काढून घेणे होय. त्यात कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून अधिक पाऊस. पाणी अभ्रकाच्या पापुद्र्यांतून आत शिरते आणि कुजलेला अभ्रक निसरड्या मातीसारखा होतो. पाणी निघायला भोके न ठेवलेली सिमेंटची भिंत संरक्षण देत नाही, उलट मागे पाणी साठवते. जेसीबी एप्रिलमध्ये लावायचा आणि भूवैज्ञानिकाला जूनमध्ये, दरडीवर तडे पडल्यावर बोलवायचे, ही पद्धत मला अजिबात मान्य नाही. माती खरवडून किमान तीन ठिकाणी कल मोजून घ्या आणि लेखी सल्ल्याशिवाय यंत्र लावू नका. वरच्या बाजूला तडे, कललेली झाडे किंवा अचानक गढूळ पाणी दिसल्यास घर सोडा आणि तहसील कार्यालयाला कळवा.

प्रश्न: कल मोजायला मोबाइलमधले होकायंत्र चालेल का?

मॅग्नेटाइट (चुंबकीय लोहखनिज) असलेल्या खडकाजवळ नाही. वेंगुर्ले तालुक्यातील रेडीच्या लोहखनिजाच्या पट्ट्यात तर त्यावर मुळीच विसंबू नये.