रंध्याला हार कशाला?

चि. सोन्यास, अनेक आशीर्वाद.

परवा व्हिडिओ कॉलवर दसऱ्याची पूजा बघताना तू विचारलंस, "आजोबांचा लाकूड तासायचा रंधा वर्षभर खोक्यात असतो, तू तो कधी वापरत नाहीस. मग त्याला हार कशाला? आणि तू ज्या हत्यारांनी खरंच काम करतेस ती कुठे आहेत?" मागून तुझ्या बाबाने "परंपरा असते रे" म्हणून विषय मिटवला. एवढ्यावर मिटणारा नाही तो, म्हणून लिहितेय. सावकाश वाच, एखादा शब्द अडला तर फोन कर.

दुसरा प्रश्न आधी. माझी हत्यारं होती पूजेत. मेण कोरायचा चाकू आणि दोन ब्रश नारळाच्या मागे होते, तुला दिसले नाहीत. लॅबमध्ये मी दातांच्या कवळ्या आणि टोप्या करते हे मी तुझ्या आजोबांना पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा ते खूप हसले होते. ते स्वतः सुतार, आमच्याकडे म्हणतात मेस्त्री. "म्हणजे तूय मेस्त्रीच गो!"

आता रंधा. खंडेनवमी म्हणजे आश्विन शुद्ध नवमी, दसऱ्याचा आदला दिवस, शस्त्रं पुजायचा. अज्ञातवासात जाताना पांडवांनी शस्त्रं शमीच्या झाडावर लपवली, ही गोष्ट तुला मराठी वर्गात सांगितली असेलच. आमच्या गावात कुणाकडे तलवार नव्हती. नांगर, कोयता, विळी, मासे पागायचं जाळं, शिंप्याचं मशीन, ज्याच्यावर ज्याचं पोट ते पाटावर मांडायचं. एसटीच्या डेपोत गाड्यांना झेंडूचे हार घालत. दसऱ्याला दाराला नव्या भाताच्या लोंब्या बांधायच्या, देवळातले तरंग, म्हणजे देवाच्या सजवलेल्या काठ्या, निघायचे, आपट्याची पानं वाटायची. या सगळ्यात आमच्या पडवीतला पाट सगळ्यात भरलेला असे. वाकस, करवत, पटाशा, गिरमिट, गुण्या, मोगरी, ओळंबा आणि लहानमोठे रंधे. गावात माझ्या बाबांना, म्हणजे तुझ्या आजोबांना, नावाने कुणी हाक मारत नसे. ते मेस्त्री.

मालवण आणि वेंगुर्ल्याच्या मधल्या खाडीकाठी आमचं घर. बाबांचे वडीलही मेस्त्रीच. त्यांच्या काळी बलुतं होतं, वर्षभर लोकांचे नांगर आणि जू दुरुस्त करायचे आणि सुगीला खळ्यावर जाऊन भात मागून आणायचं. बलुत्याच्या आठवणी काढून हळवे होणारे लोक मला भेटतात, ते बहुधा भात देणाऱ्यांच्या घरातले असतात. बाबांना त्याचं काही कौतुक नव्हतं. रोजच्या रोज मजुरी हातात पडते हे त्यांना फार आवडायचं.

लाकूड मात्र त्यांना माणसापेक्षा लवकर कळे. वाशांना किंजळ किंवा ऐन, मुसळाला खैर, दाराला आणि देव्हाऱ्याला फणस. आंबा फळ्यांना आणि पेट्यांना. पुठ्ठ्याचे खोके येण्याआधी हापूस लाकडी पेट्यांतून मुंबईला जायचा, तेव्हा मार्च-एप्रिलमध्ये बाबा दिवसभर पेट्याच ठोकत आणि रात्री त्या कामाला शिव्या घालत. "ह्यां काय सुतारकाम?" फणसाची फळी निघाली की खूश. नवी असताना ती हळदीसारखी पिवळी असते, आणि वर्षं जातील तशी तांबूस, मग गडद होते. नव्या दाराला रंग द्यायचा म्हटलं की ते घरमालकाशी वाद घालत. थोडी वर्षं थांब, ते स्वतःच रंगेल.

आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि जवळपास सगळा चार महिन्यांत. लाकूड तेव्हा हवेतला ओलावा पितं आणि फुगतं. फुगतं ते रुंदीत, लांबीत जवळजवळ नाहीच. वैशाखात दार बसवताना बाबा चौकट आणि फळीमध्ये जुनं आठ आण्याचं नाणं सरकेल एवढी फट ठेवत. मालक म्हणे, मेस्त्री, हे काय, आतलं दिसतंय! बाबा म्हणत, जुलैत बोलव मला. दुसऱ्या कुणी घट्ट बसवलेली दारं जुलैत अडत, मग भर पावसात इरलं घेऊन एखादा पोरगा आमच्या खळ्यात उभा. "मेस्त्रीनू, दार लागणा नाय." बाबा जात, पण लगेच रंधा मारत नसत. आत्ता तासलं तर मार्चमध्ये त्यातून पाल आत येईल, म्हणत. अडतंय तिथे मेण घासून देत आणि दिवाळीनंतर परत जात. त्या मेणाचे पैसे त्यांनी कधी घेतले नाहीत, आणि यावरून तुझ्या आजीचं आणि त्यांचं दर पावसाळ्यात वाजायचं.

आजीचं म्हणणं बरोबर होतं. पण आजीसाठी त्यांनी काय काय केलं तेही ऐक. तिचे गुडघे धरायला लागले आणि आडाळ्यावर बसून नारळ खोवणं होईना, तेव्हा त्यांनी उंच पायांचा आडाळा केला, खुर्चीएवढा. आळीतल्या बायका आधी हसल्या, नंतर एकेक करून तसाच मागायला आल्या. शिरवाळ्यांचा शेवगा, म्हणजे शेवया पाडायचा लाकडी साचा, गावात बहुतेक घरी त्यांच्या हातचा, कारण उकडीचे गरम मुटके दाबताना कुणाचाच मोडत नसे. गणपतीच्या वर टांगायची लाकडी माटी तू पाहिली आहेस, नारळ, कवंडळं, तिरफळं, आंब्याचे टाळे बांधतो ती. श्रावण-भाद्रपदात लोकांच्या माट्या, मखरं, मोडके पाट यांतच ते बुडालेले. आमची माटी चतुर्थीच्या आदल्या रात्री, कंदिलाच्या उजेडात, आई ओरडायला लागली की बांधून व्हायची.

आणि बाकडं! जत्रेत रात्रभर दशावतारी नाटक चालतं. रंगमंचावर सामान म्हणजे एक लाकडी बाकडं, बस्स. तेच इंद्राचं सिंहासन, तोच महाल. आमच्या देवळातलं बाकडं बाबांनी केलेलं. राजा तावातावाने त्यावर पाय आपटायचा आणि मी शेजारच्या मुलीला सांगायची, "आपट म्हणावं, मोडायचं नाही." बाबा मात्र नाटक बघता बघता झोपत. पहाटे खाजाचा पुडा घेऊन मला खांद्यावर टाकून घरी आणत.

१९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि चाकरमानी सारखे गावी येऊ लागले. घरं दुरुस्त करायची कामं वाढली, पण लोकांना हवं होतं प्लायवूड, सनमायका, सरकत्या अॅल्युमिनियमच्या खिडक्या. बाबांनी तेही केलं. रडले नाहीत. खाऱ्या हवेत प्लायवूडच्या कडा कशा झाकायच्या हे ते तालुक्याच्या दुकानात जाऊन विचारून आले. तुझ्या मामाने तोच धंदा पुढे चालवला आणि त्याचं बरं चाललंय.

मी मुलगी. मला वाकस हातात देणं तेव्हा कुणाच्या डोक्यातही आलं नसतं, आणि खरं सांगते, बाबांच्याही नाही. मला दिलं होतं धारेचं काम. शाळेतून आलं की दगडावर पाण्याचा थेंब टाकायचा, रंध्याच्या पात्याची तिरकी बाजू त्यावर सपाट टेकवायची आणि मनगट न हलवता पुढे-मागे. कोन मोडला की बाबा दुरून नुसत्या आवाजावरून ओळखत आणि खाकरत. झाली धार म्हटलं की ते पातं हातावरून फिरवून लव निघते का बघत. निघाली नाही तर परत दगड. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी सगळी हत्यारं अशी काढायची. एका वर्षी मी कंटाळून म्हटलं, उद्या काम बंदच असतं, मग आज धार कशाला? तर म्हणाले, "धार नसलेल्या हत्याराक फूल कित्याक?"

ते गेले तेव्हा तू पाळण्यात होतास. पाळणाही त्यांचाच, शिवणीचा. मी पोचले तोवर सगळं झालं होतं. पुढचे दिवस माणसं येत राहिली आणि कोकणात समाचाराला आलेली माणसं बोलतात तशी इकडचं तिकडचं बोलत राहिली. पण उठताना प्रत्येकजण आपल्या घरातल्या एका वस्तूचं नाव घेई. आमचा झोपाळा. आमचं कपाट. एक म्हातारे गृहस्थ, ज्यांच्याशी बाबांचं कुंपणावरून वाकडं होतं, ओटीवरच उभे राहून म्हणाले, "आमच्या घराचां दार तुझ्या बापाशीनच केल्यान," आणि पाणीही न घेता गेले. हत्यारं वाटली तेव्हा मामाने मला विचारलं, काय देऊ? मी लहान रंधा मागितला, पाचरीचा, ज्याचं पातं बहुतेक वेळा माझ्याकडे यायचं.

तो मी वापरत नाही, हे तुझं बरोबर आहे. फळी कशी तासायची हे मला येत नाही. पण त्याला धार मी लावते. दरवर्षी, तुम्ही दोघं उठायच्या आत, ओट्यावर फडकं पसरून. त्या पात्याने आजही हातावरची लव निघते. पुढच्या वेळी घरी आलास की बघ, हवं तर लावून बघ. इथल्या हिवाळ्यात मात्र त्याची पाचर सैल होते, हीटरने हवा कोरडी पडते आणि लाकूड आकसतं, म्हणून मी पातं वेगळं काढून ठेवते.

त्यावरून आठवलं. तुझ्या खोलीच्या कपाटाचं दार ऑगस्टपासून लागत नाही म्हणालास आणि पॉलिशपेपर आणणार होतास. ते अस्सल लाकडाचं असेल तर आत्ता घासू नकोस, कडेला मेणबत्ती फिरव आणि थांब. हीटर सुरू झाला की ते आपोआप आत जाईल. जानेवारीतही अडलं तर आधी बिजागरीचे स्क्रू बघ, आणि मला फोटो पाठव.

तुझी,
आई