तणाव दिला, तरी फरक का दिसेना?

प्रश्न : वनस्पतीच्या अर्काचा नैराश्यावर उपयोग होतो का, हे स्विस अल्बिनो उंदरांवर तपासले. चार आठवडे तणाव देऊनही साखरपाण्याची पसंती (एकूण पिण्यातला साखरपाण्याचा वाटा) तणावाच्या आणि साध्या (तणाव न दिलेल्या), दोन्ही गटांत 60 टक्क्यांच्या आसपास राहिली. पोहण्याच्या चाचणीत फ्लुऑक्सेटिन या नैराश्यावरच्या प्रचलित औषधानेही फरक पडला नाही. काम एप्रिल-मेमध्ये झाले. अर्क निकामी समजायचा का?
– एम. फार्म. विद्यार्थिनी, जळगाव जिल्हा

उत्तर : मुळीच नाही. जिथे फ्लुऑक्सेटिनच चालले नाही, तिथे अर्काचा निकाल लागलेलाच नसतो.

आधी साध्या गटाकडे पाहा. स्वस्थ उंदीर पाण्यापेक्षा 1 टक्का साखरपाणी स्पष्टपणे जास्त पितो; तणावाने नैराश्य आले की ही ओढ कमी होते. साध्या गटातही 60च आले, म्हणजे तोही स्वस्थ नव्हता किंवा मोजणी चुकली. मेमध्ये जळगाव-भुसावळकडे पारा 44-45 अंशांवर जातो. लाईट गेली, एसी बंद पडला, की 22-25 अंशांची खोली बघता बघता तापते आणि तणाव सगळ्यांनाच मिळतो. तापल्या खोलीत उंदीर गोडीसाठी नाही, तहानेपोटी पितो. खोलीचे कमाल-किमान तापमान रोज लिहा आणि तणावाचा गट वेगळ्या खोलीत ठेवा.

बाटल्यांचीही शंका येते. उंदीर दिवसाला जेमतेम 4-6 मिली पितो, त्यात 1 मिलीची गळतीसुद्धा निकाल फिरवते. रिकाम्या पिंजऱ्याला तशाच दोन बाटल्या लावा आणि त्यांतून गळेल तेवढे वजा करा. दर 12 तासांनी बाटल्यांच्या जागा बदला, कारण काही उंदीर एकाच बाजूने पितात. उन्हाळ्यात साखरपाणी आंबते. रोज ताजे करा.

ओला भुसा, 45 अंशांत कललेला पिंजरा, रात्रभर दिवा अशा तणावांचा क्रम ठरावीक असेल, तर उंदीर त्याला सरावतो. उद्या काय होणार, हे त्याला कळता कामा नये.

पोहण्याच्या चाचणीत उंदीर किती वेळ निश्चल तरंगतो ते मोजतात; नैराश्यावरचे औषध लागू पडले, तर ही निश्चलता कमी होते. त्यासाठी गच्चीवरच्या टाकीतले दुपारचे पाणी थेट घेऊ नका. थर्मामीटर लावून 23-25 अंश ठेवा. पाण्याची खोली साधारण 15 सेंमी हवी. शेपूट तळाला टेकली की उंदीर आधार घेतो आणि त्याची निश्चलता वाढल्यासारखी दिसते. प्रत्येक उंदरासाठी पाणी बदला. सहापैकी शेवटची 4 मिनिटेच मोजा, मोजणाऱ्याला गट कळू देऊ नका. नंतर उंदीर पुसून कोरडा करा. मोकळ्या पेटीतली हालचालही तपासा, नाहीतर नुसते उत्तेजक औषधही नैराश्यावरचे वाटते.

दिवाळीनंतर पुन्हा करा. प्राण्यांची संख्या किंवा वेळापत्रक बदलणार असाल, तर संस्थेच्या प्राणी नीती समितीची सुधारित मंजुरी आधी घ्या.