मुलांना स्रोत तपासायला आणि मुद्देसूद मांडायला कसं शिकवावं? माझी नववीची मुलं प्रकल्पात व्हॉट्सॲपवरचं काहीही उतरवून आणतात. एखादी तयार चेकलिस्ट आहे का?

चेकलिस्टा ढीगभर मिळतील. लेखक कोण, तारीख कुठली, संकेतस्थळ सरकारी आहे का. मुलं सगळीकडे बरोबरची खूण करतात आणि खाली तेच व्हॉट्सॲपचं चिकटवतात. माझा त्यावर काडीचा विश्वास नाही. मुलांना एखादा खराखुरा वाद द्या, ज्यात दोन्ही बाजूंकडे कागद आहेत.

मी इतिहास शिकवतो. नववीला एकदा शिवजन्माची तिथी दिली. एकीकडे वैशाख शुद्ध द्वितीया शके १५४९, म्हणजे १६२७. ही बखरींतली, आणि चिटणीस बखर तर थेट एकोणिसाव्या शतकातली. दुसरीकडे फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. ही टिळकांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जेधे शकावलीतली, म्हणजे जेधे घराण्याकडच्या सालवार नोंदींतली, आणि महाराजांचा समकालीन कवी परमानंद याच्या शिवभारत या काव्यातही हीच. उत्तर मी सांगितलं नाही. कुणी, केव्हा, कशासाठी लिहिलं आणि एकाने दुसऱ्याचं बघून लिहिलं असेल का, एवढंच विचारलं.

शकावलीतली नोंद वारही देते, शुक्रवार. एका पोराने मोबाइलवर बघितलं आणि ओरडला, "सर, मंगळवार येतोय! शकावली खोटी!" वर्गात एकच गलका. कारण मला ठाऊक होतं, पण मुद्दाम गप्प बसलो. दुसऱ्या दिवशी एका मुलीने शोधून आणलं: १९ फेब्रुवारी ही जुन्या ज्युलियन कॅलेंडरची तारीख. मोबाइल मात्र १६३० सालही आजच्या ग्रेगरियननेच मोजतो, आणि सतराव्या शतकात दोहोंत दहा दिवसांचा फरक. दहा दिवस पुढे या, १ मार्च १६३०, शुक्रवार! मग त्याच पोराने वहीत लिहिलं, "वार जुळतो, म्हणजे तिथी अंदाजाने टाकलेली दिसत नाही. पण वार जुळला म्हणून जन्म त्याच दिवशी झाला असं होत नाही, त्यासाठी दुसरा साक्षीदार लागेल." मुद्देसूद मांडणी म्हणतात ती हीच.

यावर आमचे तेव्हाचे पर्यवेक्षक स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत म्हणाले, "एका गुणाच्या प्रश्नासाठी एवढ्या तासिका? सरकारने २००१ मध्ये १९ फेब्रुवारी ठरवली, विषय संपला." अहो, पण सरकारने ठरवली ती कशाच्या जोरावर? १९६६ मध्ये इतिहासकारांची समिती नेमली होती, तिच्यापुढेही हेच कागद होते. जीआर हा निष्कर्ष आहे, पुरावा नाही. नववीच्या मुलांना हा फरक कळला, साहेबांना अजून कळलेला नाही. आणि त्याआधी ज्यांनी १६२७ पाठ करून पैकीच्या पैकी मिळवले, त्यांना आपण नेमकं काय शिकवलं होतं?

तुमच्या व्हॉट्सॲपचं म्हणाल तर ‘युनेस्कोने जन गण मन जगातलं सर्वोत्तम राष्ट्रगीत ठरवलं’ हा मेसेज फळ्यावर लिहा आणि युनेस्कोच्या संकेतस्थळावर ती घोषणा शोधायला लावा. बसतील शोधत.

आता थोडं जपून. जुनं ते खरं, असं मुलांच्या डोक्यात बसू देऊ नका. शिवभारत हे स्तुतिकाव्य आहे. तिथीसाठी भक्कम, पराक्रमाच्या वर्णनासाठी हात राखून. साठ मुलांच्या वर्गात गट पाडल्याशिवाय यातलं काही जमणार नाही. गावात तिथीवाले आणि तारीखवाले असे दोन तट असतील तर मुख्याध्यापकांच्या कानावर आधी घाला, नाहीतर पालक दारात उभे राहतील. आणि गुण कारणांना द्या, उत्तराला नको. आमच्याकडे सर्वांत जास्त गुण १६२७ ची बाजू मांडणाऱ्या गटाला मिळाले, कारण आपल्या विरुद्ध जाणारे सगळे कागद त्यांनीच प्रामाणिकपणे मांडले होते. त्यावरूनही पर्यवेक्षक बोललेच.