उत्पन्न शेवटी विचार

प्रिय,

सप्रेम आशीर्वाद.

तुझं पत्र आणि सोबतचा फॉर्म दोन्ही मिळालं. सोलापूरच्या पूर्व भागात घरोघरी जाऊन रोजगार, उत्पन्न आणि गरिबीची पाहणी करायचं काम तुझ्याकडे आलं, याचा मला मनापासून आनंद झाला. फॉर्म दोनदा वाचला. त्यातला तिसराच प्रश्न आहे, 'कुटुंबाचे मासिक उत्पन्न किती?', आणि पुढे चार चौकटी. तो प्रश्न तिथून उचल आणि अगदी शेवटी टाक. जमलं तर काढूनच टाक.

कारण सांगते. तू ज्या घरांत जाणार आहेस तिथे 'महिन्याचं उत्पन्न' नावाची गोष्टच येत नाही. नवरा यंत्रमागावर असतो, त्याला टॉवेलच्या किंवा चादरीच्या नगावर मजुरी. सूत आलं नाही, लाइट गेली, मालकाकडे माल साठून राहिला, की त्या दिवसाचा खाडा. बायको विड्या वळते, तिचा हिशोब हजार विड्यांवर. मुलगा युनिफॉर्म शिवणाऱ्या कारखान्यात, त्याचं काम शाळा सुरू व्हायच्या आधी रात्री उशिरापर्यंत चालतं आणि नंतर ओसरतं. धाकटी कांड्या भरायला, म्हणजे मागासाठी सूत गुंडाळायला जाते, कधी जाते, कधी नाही. या चौघांचे पैसे चार वेगवेगळ्या दिवशी येतात आणि आलेल्या संध्याकाळीच अर्धे वाटेला लागतात. अशा बाईला तू दारात उभं राहून महिन्याचा आकडा विचारलास तर ती तुला आकडा देईल, पण तो उत्पन्नाच्या दाखल्यावरचा असेल.

तिला यात खोटं बोलायचं नसतं, हे नीट समजून घे. रेशनवर धान्य मिळायचं तर शहरात वर्षाला 59,000 रुपयांची मर्यादा, म्हणजे महिन्याला पाच हजारही नाहीत. घरात दोघांनी हात चालवले की ही रेघ ओलांडली जाते. पिवळ्या कार्डाची मर्यादा तर वर्षाला 15,000 रुपये. 'लाडकी बहीण'साठी अडीच लाखांची अट वेगळी. मुलाच्या शिष्यवृत्तीला आणखी वेगळा दाखला. इतक्या रेघा डोक्यावर असताना हातात टॅबलेट घेतलेली अनोळखी मुलगी उत्पन्न विचारते, तेव्हा त्या बाईला एवढंच ऐकू येतं, की आता आपलं काय काय बंद होणार? म्हणून आधी काम विचार. माणसं कामाबद्दल भरभरून बोलतात. पैशाचं आपोआप निघतं, आणि खरं निघतं.

कामाचंही असं विचारू नकोस की 'आपण नोकरी करता का?' घरातल्या एकेका माणसाचं नाव घे आणि मागचे सात दिवस विचार. सोमवारी काय केलं, मंगळवारी काय केलं. सरकारी पाहणीतही मागच्या सात दिवसांचा प्रश्न असतोच, पण तिथे आठवड्यात एखादा तास काम केलेलं माणूसही कामावर असल्याचं धरलं जातं. त्या हिशोबानं पूर्व भागात तुला बेकार फारसे सापडायचे नाहीत. ज्याच्या घरी उद्याच्या भाकरीची सोय नाही, तो बेकार राहणार कसा? तो काहीतरी करतोच. प्रश्न असतो तो किती दिवस, किती तास आणि केवढ्याला. तीन दिवस माग चालवून चौथ्या दिवशी हमालीला गेलेला माणूस तुझ्या फॉर्मच्या 'रोजगार आहे / नाही' या दोन खणांत बसत नाही. त्याला बसवू नकोस, खण वाढव.

आता बायकांबद्दल. हा भाग मला सविस्तर लिहायचा आहे, कारण तुझी सगळी पाहणी इथेच उभी राहील किंवा पडेल.

तू विचारशील, 'सूनबाई काय करतात?' सासू म्हणेल, 'काही नाही, घरीच असते.' आणि ती सून तुझ्यासमोर भिंतीला टेकून, मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेली असेल. तेव्हा फॉर्म बाजूला ठेव आणि थोडा वेळ नुसती बघ. तेंदूची पानं आदल्या रात्रीच भिजवून फडक्यात गुंडाळून ठेवलेली असतात, कोरडी राहिली तर वळताना फाटतात. सकाळी पत्र्याचा साचा पानावर ठेवून कात्रीनं कापायचं, शिरा टाळून. मग चिमूटभर तंबाखू, एक वळसा, टोक नखानं दुमडून आत दाबायचं, दोऱ्याचा वेढा, की दुसरं पान. बोलता बोलता हात चालूच. पान कापायला सासू, टोकं दाबायला शाळेतून आलेली मुलगी, जुड्या बांधायला कोणीतरी तिसरं. कारखान्यात नोंद होते एकीच्या नावावर, पण हजार विड्यांमागे हात असतात दोघी-तिघींचे. त्या हजार विड्यांची मजुरी एका बाईची म्हणून लिहिलीस तर तू त्या घराला कागदावर श्रीमंत केलंस आणि दोन माणसांचं काम पुसून टाकलंस.

हे पुसणं नवं नाही. आपल्या राष्ट्रीय नमुना पाहणीत 'फक्त घरकाम' करणाऱ्यांसाठी 92 आणि घरकामासोबत घरच्यापुरतं शिवण-टिपण, सरपण गोळा करणं असं काही करणाऱ्यांसाठी 93 असे संकेतांक आहेत. विड्या वळणारी बाई यांपैकी कशातच बसत नाही, ती मजुरीवर काम करणारी कामगार आहे. पण विचारणाऱ्यानं सासूच्या उत्तरावर पुढचं घर गाठलं की ती 92 मध्ये जाऊन बसते. कायद्याला यात शंका नव्हती. 1966 च्या विडी आणि सिगार कामगार कायद्यानं घरी बसून विड्या वळणाऱ्यांनाही कामगार मानलं. 1977 मध्ये विडी उद्योगाला भविष्यनिर्वाह निधी लागू झाला, तेव्हा कारखानदार कोर्टात गेले. घरी काम करणाऱ्या बायका आमच्या कामगारच नाहीत, असं त्यांचं म्हणणं. 1985 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते फेटाळलं. ज्या बाईच्या विड्या पसंत-नापसंत करायचा अधिकार कारखानदाराकडे आहे, ती त्याचीच कामगार, मग ती कुठे का बसून वळेना. देशातल्या सगळ्यात मोठ्या कोर्टानं जे मान्य केलं, ते सासूच्या 'काही नाही'पाशी सोडून देऊ नकोस.

म्हणून त्या बाईला चार गोष्टी वेगळ्या विचार. कारखान्यातल्या नोंदीचं पुस्तक कोणाच्या नावावर आहे? पुष्कळदा ते सासूच्या किंवा जावेच्या नावावर असतं, म्हणजे फंड जमा होतो एकीचा आणि पाठ दुखते दुसरीची. कारखान्यातून मिळालेल्या पानात हजार विड्या पुऱ्या होतात का? पान खराब निघालं की पदरचे पैसे घालून बाजारातून आणावं लागतं, आणि तो खर्च मजुरीतून वजा केल्याशिवाय तिची खरी मजुरी कळत नाही. किती विड्या खराब म्हणून काढल्या जातात? आणि विड्या द्यायला, पान-तंबाखू घ्यायला कारखान्यात जाण्यात, रांगेत उभं राहण्यात किती वेळ जातो?

या शेवटच्या प्रश्नाचं एक कारण आहे. सोलापूरजवळच्या कुंभारी गावाच्या शिवारात विडी कामगारांसाठी कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकरांच्या नावानं दहा हजार घरं उभी राहिली. त्याच बाजूला रे नगरची तीस हजार घरांची योजना, तिच्यातल्या पहिल्या पंधरा हजार घरांच्या चाव्या 19 जानेवारी 2024 रोजी दिल्या गेल्या. कामगारांनी वर्षानुवर्षं लढून मिळवलेली ही घरं आहेत आणि मला त्यांचा अभिमान वाटतो. भाड्याच्या अंधाऱ्या खोलीतून स्वतःच्या दारात आलेल्या बाईचं समाधान तुला तिथे दिसेल, तेही लिही. पण काम राहिलं शहरात आणि घर गेलं अक्कलकोट रोडवर, तेव्हा भाडं वाचलं आणि रिक्षाचे पैसे वाढले. दोन्ही लिहिल्याशिवाय हिशोब पुरा होत नाही.

हे काम घरात आलं कसं, तेही मनात असू दे. सोलापुरात एकेकाळी गिरणीचा भोंगा शहराचं घड्याळ होता. जुनी गिरणी, लक्ष्मी, विष्णू, जाम, नरसिंग गिरजी. तेलंगणातून आलेली पद्मशाली कुटुंबं मागावर आली, इथलीच झाली. गिरणीत हजेरीपट होता, बोनस होता, फंड होता. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि काम लहान लहान शेडमध्ये आणि घरांत विखुरलं. विणणारे हात तेच, पण हजेरीपटावर नाव चढेना. म्हणून मागावरच्या माणसाला एवढं नक्की विचार, की तू काम करतोस याचा एक तरी कागद तुझ्याकडे आहे का? 'नाही' आलं तर ते ठळक लिही. उद्या हात मागात अडकला तर त्याला कुठे दाद मागता येणार, हे त्या एका उत्तरावर ठरतं.

गरिबीच्या रेषेविषयी तू विचारलं आहेस, कोणती धरू म्हणून. पुण्याच्या गोखले संस्थेत वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी 1971 मध्ये हिशोब मांडला होता. 1960-61 च्या किमतींना माणशी महिन्याला किमान खर्च खेड्यात 15 आणि शहरात साडेबावीस रुपये. त्यानंतर रेषा बदलत गेल्या. 2011-12 या एकाच वर्षासाठी सरकारनं नेमलेल्या तेंडुलकर समितीच्या पद्धतीनं शहरी रेषा माणशी महिना 1,000 रुपये, रंगराजन समितीनं 1,407. पहिलीनं देशात गरीब निघाले 21.9 टक्के, दुसरीनं 29.5. कोणाच्याही ताटात काही फरक पडला नाही, आणि नऊ कोटींहून अधिक माणसं कागदावर रेषेच्या या बाजूची त्या बाजूला गेली. तेव्हा तुझ्या अहवालात रेषा हवीच असेल तर दोन्ही दाखव आणि मधली माणसं मोज. पूर्व भागात ती मधलीच जास्त असतील असा माझा अंदाज आहे: एका आजारपणात खाली जाणारी, एका लग्नात खाली जाणारी.

ती खाली कशी जातात हे कर्जात दिसतं. उत्पन्नाबद्दल गप्प राहणारी बाई हप्त्याबद्दल बोलते, कारण हप्ता तिला झोपू देत नाही. 'कर्ज आहे का?' असं विचारू नकोस, 'नाही' म्हणेल. 'हप्ता कोणत्या वारी असतो?' असं विचार. मग कळेल की सोमवारी एका गटाचा, गुरुवारी दुसऱ्या मायक्रोफायनान्सचा, आणि सोमवारचा भरायला शेजारणीकडून हातउसने घेतलेत. भिशी, सोनं गहाण, किराणा दुकानातली वही, कारखान्यातून किंवा मालकाकडून घेतलेली उचल, सगळं एकेक करून विचार. मालकाची उचल असली तर विशेष लक्ष दे, उचल फिटेपर्यंत माणसाला दुसरीकडे जास्त मजुरी मिळाली तरी जाता येत नाही. खर्चाचंही तसंच. 'महिन्याचा किराणा किती?' याला अर्थ नाही. तेल किलोनं येतं की दहा-वीस रुपयांचं सुटं? गॅसची टाकी शेवटची कधी भरली? डॉक्टरांनी लिहिलेल्या गोळ्या पुऱ्या घेतल्या की अर्ध्याच? तंबाखूच्या धुळीनं खोकला आणि दिवसभर वाकून बसल्यानं मान-कंबर, ही दुखणी तुला घरोघरी भेटतील. त्यावर गेलेला पैसा आणि बुडलेली मजुरी दोन्ही लिही.

बाकीचं थोडक्यात. तेलुगू येणारी वस्तीतलीच एक मुलगी सोबत घे आणि तिला नीट मानधन दे, फुकट राबवू नकोस. पुष्कळ म्हाताऱ्या बायका मनातलं तेलुगूतच बोलतात. काही गल्ल्यांत कन्नड लागेल, काहींत उर्दू. विड्या द्यायच्या वेळेला जाऊ नकोस. खाली बस, हात थांबवायला लावू नकोस. शेजारणींसमोर पैशाचा विषय काढू नकोस. सुरुवातीलाच स्पष्ट सांग की तू सरकारकडून आलेली नाहीस, कोणाचं कार्ड बंद करणं किंवा सुरू करणं तुझ्या हातात नाही. काहीतरी मिळवून देईन अशी आशा तर मुळीच लावू नकोस. नावं आणि उत्तरं वेगवेगळ्या ठिकाणी ठेव, हे तुझ्या संस्थेकडून लेखी घे.

एक गोष्ट मात्र फॉर्मच्या बाहेरची आहे. तुला अशा म्हाताऱ्या भेटतील ज्यांनी आयुष्यभर विड्या वळल्या आणि ज्यांची पेन्शन अडली आहे, कारण आधारवर नाव एक आणि फंडाच्या नोंदीत दुसरं, किंवा जन्मतारीख जुळत नाही. ती पेन्शन म्हणजे काही फार मोठी रक्कम नव्हे. 2014 पासून किमान पेन्शन महिन्याला 1,000 रुपये आहे, पण ज्या घरात तेल सुटं येतं तिथे ती औषधाला होते. त्यांचं उत्तर टॅबलेटमध्ये भरून पुढच्या दारात जाऊ नकोस. त्यांना विचारून, त्यांची परवानगी असेल तरच, अशा बायकांची एक वेगळी वही कर: कागदावरची दोन्ही नावं, पुस्तक कोणत्या साली निघालं, अर्ज कुठे अडला. माझ्या ओळखीत युनियनचं काम करणारी आणि फंडाच्या कचेरीत खेटे घातलेली दोन-तीन माणसं आहेत. पाहणीची पहिली गल्ली झाली की कळव, मी सोलापूरला येते. फॉर्म आपण दोघी बसून पुन्हा लिहू, आणि ती वही घेऊन त्यांच्याकडे जाऊ.

तुझी,
ताई