रोमन चांदीच्या नाण्यांवरची चित्रं कशी ओळखायची आणि संग्रह कुठून सुरू करावा?

चेहरे पाठ करत बसू नका. नाणं उलटं करा. पुढे देव नाहीतर सम्राट, खरी भानगड मागच्या बाजूला.

आमच्याकडच्या नाणेसंग्राहकांच्या बैठकीत एका ज्येष्ठ गृहस्थांनी ‘बारा सीझर’ मांडले होते. पुठ्ठ्याला भोकं पाडून, मागून कागद डकवून. ज्युलियस सीझरपासून डोमिशियनपर्यंत रोमच्या बारा राज्यकर्त्यांची मुंडकी रांगेत. मी म्हटलं, काका, ऑगस्टसची मागची बाजू बघू का? तर म्हणे, “मागे काय, दोन पोरं उभी आहेत.”

दोन पोरं! अहो, ते गायस आणि ल्युसियस. पहिल्या सम्राटाचे, ऑगस्टसचे नातू, त्यानं दत्तक घेतलेले, गादीचे वारस. अंगावर टोगा, एकेक हात ढालीवर, मागे भाले. वर पूजेची पळी आणि शकुन पाहणाऱ्या पुरोहिताची वाकडी काठी. इ. स. पू. २ पासून आजच्या फ्रान्समधल्या लियोंला हा छाप पाडला. ल्युसियस इ. स. २ मध्ये वारला, गायस ४ मध्ये, आणि गादी गेली टायबेरियसला. आणि दक्षिण भारतात रोमन चांदी सापडते त्यात या पोरांचीच नाणी ढिगानं असतात. काकांनी ती पुठ्ठ्याआड कोंडली.

ब्रूटसचं घ्या. ज्युलियस सीझरनं हयातीत स्वतःचा चेहरा नाण्यावर आणला, आणि त्याला मारणाऱ्यानंही तेच केलं. पुठ्ठ्यात लावलात तर तोही एक चेहराच. मागे मात्र दोन खंजीर, मध्ये मुक्त झालेल्या गुलामाची टोपी आणि खाली १५ मार्चची तारीख, सीझरच्या खुनाची.

सुरुवात झिजक्या गायस-ल्युसियसपासूनच करा. वजन चार ग्रॅमच्या आसपास हवं, आणि कडेला ओतकामाचा सांधा दिसला तर नाणं नकली, हात लावू नका. दोन्ही बाजू दिसतील अशा पाकिटात ठेवा. बारांचा संच पुरा करा असं कुणी सुचवलंच, तर आधी ओथोच्या नाण्याचा भाव विचारून या. गडी गादीवर होता जेमतेम तीन महिने.

हो, एक राहिलं. जुनी नाणी परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत. आणि शेतात हंडा सापडला तर १८७८ च्या कायद्यानं दहा रुपयांवरचा ऐवज कलेक्टरला कळवावाच लागतो.